ओ'डार्गन म्हणजे कुठला?

माणूस आईच्या पोटी जन्मतो, राजा मात्र खडकावर जन्मतो, असं ओ'डार्गन कुळात मानतात. कॅरिगडार्गन टेकडीच्या माथ्यावर कातळात एक पाऊल कोरलेलं आहे. त्या पावलात जो पाय ठेवील, ज्याच्या हाती पांढरी काठी येईल आणि ज्याच्या नावाचा पुकारा होईल, तो त्या क्षणापासून साधा माणूस राहत नाही, तो सबंध कूळ होतो. गेली चारशे वर्षं त्या पावलात फक्त मेंढ्यांनी पाय घातले, आणि त्यामुळे त्यांच्यात काही फरक पडल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही.

यंदाच्या सप्टेंबरात तिथे कोनल ओ'डार्गन पाय घालणार होता. कोनल म्हणजे पंचावन्न उलटलेला, जवळच्या शहरातल्या शाळेत भूगोल शिकवणारा आणि घरी थोड्या मेंढ्या बाळगणारा सभ्य गृहस्थ. त्याला राज्याचा लोभ नव्हता. राज्य करायला तिथे होतं तरी काय? एक टेकडी, तिच्याखाली दलदल, एक चर्च, दोन पब, आणि कौन्सिलने अर्ध्यात सोडून दिलेला रस्ता. मानपानाचीही त्याला हौस नव्हती. त्याला फक्त एक नाव हवं होतं. खरं सांगायचं तर स्वतःचंच नाव हवं होतं.

डोनेगल जिल्ह्यातल्या, त्या टेकडीखालच्या ड्रमकरा गावात सगळेच ओ'डार्गन. पाद्री बाहेरून येतो, पोस्ट सांभाळणारी मिस मॅकनेलिस वेगळ्या घराण्यातली, बाकी ज्या दारावर टकटक कराल तिथून ओ'डार्गनच बाहेर येणार. त्यामुळे तिथे आडनाव हे हवेसारखं आहे. सगळ्यांपाशी असतं आणि त्यावरून कोणाचीच ओळख पटत नाही. आडनावाने हाक मारतात ते दोघेच, कोर्टातला न्यायाधीश आणि इस्पितळातली नर्स, आणि त्या दोघांच्याही हाकेला उठून जाणं कोणाला आवडत नाही. एरवी माणूस ओळखायचा तो बापआजाच्या नावावरून, केसांच्या रंगावरून, नाहीतर घराण्यात कधीकाळी घडलेल्या एखाद्या प्रसंगावरून. ह्यूई तांबडा, टॉम पॅडी टॉम, पुलाखालची मेरी. कोणी चुकून नुसतं ओ'डार्गन म्हणालाच, तर ऐकणारा तोंडातला घास न थांबवता विचारतो, "कुठला?"

कोनलच्या घराण्यात प्रसंग एकच घडला, पण तो भर चर्चमध्ये घडला. त्याचे आजोबा एका शनिवारी रात्रभर पत्त्यांतला पंचवीसचा डाव खेळत बसले. या डावात पान नुसतं टाकत नाहीत, आपटतात. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना आजोबांना पेंग आली. पाद्रीबाबांनी पवित्र भाकर वर उचलली, घंटी वाजली, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि त्या शांततेत आजोबांनी पुढच्या बाकावर मूठ आपटून जाहीर केलं, "हुकमाचा पंजा!"

पाद्रीबाबा जरा थांबले, मग त्यांनी पुढचं लॅटिन म्हटलं. पण आजोबांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते पंजा झाले, त्यांचा मुलगा मायकल मिकी पंजा झाला, नातू कोनल पंजा म्हणूनच पाळण्यातून उतरला. कोनलने गॉलवेला जाऊन पदवी घेतली, तर गाव कौतुकाने म्हणालं, पंजा शिकला हो. लग्न झालं तशी डर्वला पंजाची झाली. बाप वारला तेव्हा जिल्ह्याच्या रेडिओवर बातमी सांगताना निवेदकाने शेवटी आपणहून "म्हणजे पंजा" असं जोडलं, कारण त्यावाचून नक्की कोण गेलं हे गावाला कळलं नसतं. कोनलने हट्टाने बापाच्या थडग्यावर नुसतं मायकल ओ'डार्गन एवढंच कोरून घेतलं. तिथे तेव्हापासून दर नोव्हेंबरात दुसऱ्याच कुठल्या मायकलची मुलगी फुलं ठेवून जाते.

कॉलेजात असताना ग्रंथालयात कोनलने वाचलं होतं, की राजा झालेल्याचं पहिलं नाव, टोपणनाव, बापाचं नाव असं सगळं खडकावर गळून पडतं आणि मागे फक्त कुळाचं नाव उरतं. मग त्याला सगळ्यांनी नुसतं ओ'डार्गन म्हणायचं. ते वाचल्यापासून कोनल वाट पाहत होता. एका नावासाठी कोणी इतकी वर्षं थांबतं का, असं वाटेल. पण या काळात कोणी ना कोणी त्याला रोज पंजा म्हणत होतं, त्यामुळे विसरायची सोय नव्हती.

संधी आली ती ओहायोतून. जगभरच्या ओ'डार्गनांची तिथे एक संस्था आहे. तिचे अध्यक्ष डेल ओ'डार्गन हे लोकांचे वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर. चारशे वर्षं रिकामी पडलेली गादी त्यांना पाहवेना, म्हणून खडकावर पुन्हा विधी करायचा ठराव झाला. मात्र राजा कोण, यावर गाडं अडलं. अमेरिकेतले ओ'डार्गन ऑस्ट्रेलियातल्याला मत देईनात, ऑस्ट्रेलियातले अमेरिकेतल्याला. अखेर राजाच्या दारातून टेकडी दिसली पाहिजे, असा एक जुना नियम कोणीतरी शोधून काढला. तो कोनलनेच शोधला होता. ड्रमकऱ्यात दुसरं कोणी पुढे आलं नाही. ठरलेल्या दिवशी फुटबॉलचा सामना होता आणि राजाला तो चुकवावा लागला असता.

डर्वलाला त्याने हे सगळं एका संध्याकाळी नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मीही तुला ओ'डार्गन म्हणायचं?"

"तशी रीत आहे."

"अरे, पण ओ'डार्गन तर मीही आहे. मीच हाक मारणार आणि मीच ओ देणार."

कोनल म्हणाला, सवय होईल. डर्वला म्हणाली, तिला त्याची सवय व्हायलाही बरीच वर्षं लागली होती.

आता विधीतली खरी गोम अशी, की काठी देणारा आणि नाव पुकारणारा माणूस कुळाबाहेरचा लागतो. आपणच आपल्याला राजा म्हणणं शोभत नाही, एवढी समज जुन्या लोकांना होती. ओ'डार्गनांना पुकारायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मॅकनेलिसांकडे होता, आणि त्या घराण्यात आता एकटी उना मॅकनेलिस उरली होती. सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, आणि ती पोस्टाच्या खिडकीत बसायला लागली तेव्हापासून ती खिडकी दुसऱ्या कोणाची असू शकते हे गाव विसरून गेलं होतं. सगळ्या ड्रमकऱ्यात आडनावाने ओळखलं जाणारं माणूस ते एकच. तिला कोणी मिस मॅकनेलिस म्हणालं की कोनलला तिचा हेवा वाटायचा.

ती तयार झाली. विधीची झूल घालणार नाही, आपला निळा कोटच घालीन, एवढीच तिची अट होती. मग तालमीसाठी कोनल पोस्टात गेला. मागे रांगेत तिघे उभे होते.

"पुकारायचं म्हणजे काय म्हणायचं?" तिने विचारलं.

"नुसतं ओ'डार्गन."

"आधी कोनल नाही?"

"नाही."

"आणि ते दुसरं?"

"ते तर मुळीच नाही, मिस मॅकनेलिस."

तिने चष्मा काढला, घसा साफ केला आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "ओ'डार्गन." रांगेतले तिघे एकदम म्हणाले, "काय?"

"बघ बाबा," ती म्हणाली. "या नावावर मी आजवर कोणाचं पाकीट कोणाला दिलेलं नाही. दिलं असतं तर निम्म्या गावाची लग्नं मोडली असती."

कोनलने सांगितलं, खडकावर गोष्ट वेगळी असेल. तिथे उभा असलेला एकच, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारण नाही. तिला ते पटल्यासारखं दिसलं. तिकिटं फाडून देताना तिने हळूच विचारलं, "तुला ते नाव इतकं का रे टोचतं?"

"तुम्हाला सगळे मिस मॅकनेलिस म्हणतात. तुम्हाला नाही कळायचं."

"नसेल कळत. पण पंचवीसच्या डावात हुकमाचा पंजा राजाला खातो. मग तू चढतोयस की उतरतोयस, ते मला कळेना."

कोनलने आयुष्यात पत्ते हातात धरले नव्हते. तो तिकिटं घेऊन बाहेर पडला.

गावकऱ्यांची तालीम त्याने क्लबच्या हॉलमध्ये घेतली. तो गावाला ओळखून होता. तिथे जमावाला मोकळं सोडलं तर कोणी शिट्टी मारील, कोणी फुटबॉलच्या संघाचं नाव घेईल. म्हणून त्याने एकच नियम घालून दिला आणि वर्गात नद्या पाठ करून घ्याव्यात तसा तो पाठ करून घेतला. पुकारणारी जे म्हणेल तेच म्हणायचं, तसंच म्हणायचं, तीनदा म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही. गावाने मान डोलावली. ओहायोच्या मंडळींना हाच नियम आगाऊ कळवला होता, आणि ती म्हणे विमानतळावरसुद्धा तालीम करत होती.

विधीचा शनिवार उजाडला तो वाऱ्याचा. कॅरिगडार्गनवर वारा नसेल तर लोक आभाळाकडे बघून काळजी करतात, तेव्हा तसं सगळं ठीक होतं. पिवळ्या काटेरी झुडपांतून वाट काढत मंडळी वर चढली. डेल ओ'डार्गन यांनी केशरी घागऱ्यासारखा पोशाख केला होता आणि त्यांचे गुडघे निळे पडले होते. माथ्यावर तीन मेंढ्या होत्या; त्यांना आदराने बाजूला केलं. सगळे कातळाखालच्या उतारावर उभे राहिले. वर फक्त कोनल आणि निळ्या कोटातली मिस मॅकनेलिस.

कोनलने उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. कोरलेल्या पावलात आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी साचलं होतं. तो पाय आत घालून उभा राहिला. पाऊल कोणा बारीक चणीच्या राजाचं असावं. टाच बाहेरच राहिली. पण गारवा थेट मस्तकात गेला आणि त्याला वाटलं, हेच ते. खाली पाहिलं तर गाव होतं, दलदल होती, अर्धा रस्ता होता, आणि पलीकडे चर्च. त्या चर्चचं आणि आपलं आता काही देणंघेणं उरणार नाही, असं त्याच्या मनात आलं.

मिस मॅकनेलिसने हेझलच्या झाडाची, साल सोललेली पांढरी काठी त्याच्या हातात दिली. वारासुद्धा जरा पडला. तिने लोकांकडे तोंड केलं, आणि एवढ्याशा बाईत एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, पण तो टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेला.

"ओ'डार्गन!"

ओहायोने श्वास भरून घेतला. गावानेही घेतला. आणि तो श्वास सुटायच्या आत, कुंपणाच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या ह्यूई तांबड्याने कानामागे हात धरून विचारलं. त्यात खोडसाळपणा नव्हता. त्याला ऐकू कमी येतं, आणि आयुष्यभर या शब्दापुढे त्याने दुसरं काही विचारलेलं नव्हतं.

"कुठला?"

"पंजा," मिस मॅकनेलिस म्हणाली.

तिने ते त्याच आवाजात म्हटलं, कारण इतक्या वर्षांत खिडकीपलीकडून हा प्रश्न आला की उत्तर तिच्या डोक्यात न जाता थेट तोंडात येई. त्यानंतर कोणाच्याच हातात काही उरलं नाही. नियम पाठ झालेला होता. पुकारणारी जे म्हणेल तेच. पहिल्यांदा जरा विस्कळीत झालं, गावकऱ्यांच्या बाजूने थोडं अडखळल्यासारखं. दुसऱ्यांदा सूर लागला. तिसऱ्यांदा सगळ्या उताराने मिळून असा काही पंजाचा गजर केला, की समोरच्या डोंगराने तो परत पाठवला. सर्वांत मोठा आवाज डेल यांचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कोनल एक पाय पाण्यात घालून उभाच होता. मिस मॅकनेलिसने तोंडावर हात धरला होता. पुन्हा पुकारा करा, असं म्हणावं की काय, हे क्षणभर त्याच्या ओठांवर आलं. पण पुकारा दुसऱ्यांदा होत नाही, हा नियमही त्यानेच सगळ्यांना सांगितला होता. गाव हसेल म्हणून त्याने पाहिलं, तर गाव हसत नव्हतं. आपलं काही चुकलं आहे असं गावाला वाटतच नव्हतं. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आता कोण राजा झालं ते सगळ्यांना नीट कळलं होतं. कोनलने काठी उंच धरली, कारण यानंतर काठी उंच धरायची असं ठरलेलं होतं.

खाली हॉलमध्ये चहा, हॅम घातलेले सँडविच आणि डर्वलाने भाजलेला ब्राउन ब्रेड होता. डेल बशी घेऊन कोनलपाशी आले. तो शब्द ऐकून अंगावर काटा आला, असं ते म्हणाले. इतकी वर्षं कुळाचा इतिहास वाचतोय, पण हा किताब कुठे वाचनात आला नव्हता.

"फार जुना असेल?"

"आमच्याकडे आजोबांपासून आहे," कोनल म्हणाला.

"चर्चशी काही संबंध?"

"चर्चमध्येच मिळाला."

डेल यांनी मान झुकवली आणि आणखी एक सँडविच घेतलं.

मिस मॅकनेलिस सगळे पांगल्यावर आली. ती कोटाचं वरचं बटण उगाच लावत-काढत होती. कोनलने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"चुकलं माझं, कोनल."

"असू द्या."

"कोणी कुठला म्हणालं की मला थांबताच येत नाही रे. पण मी भरून काढीन."

तिने भरून काढलं. सोमवारी पोस्टात आलेल्या प्रत्येकाला तिने बजावलं, की खडकावरचा शब्द तिचा होता आणि तो चुकीचा होता. आजपासून त्याला ओ'डार्गन म्हणायचं, दुसरं नाव घेतलेलं या खिडकीत चालणार नाही. त्या गावात पाद्रीचं ऐकलं नाही तरी चालतं, पण पत्रं मिळायची असतील तर पोस्टाचं ऐकावं लागतं. शिवाय लोक वाईट नव्हते. पंजा म्हटलेलं त्याला लागतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर बहुतेकांना वाईट वाटलं. ह्यूई तांबडा तर घरी येऊन म्हणाला, अरे, मला वाटायचं तुला अभिमान आहे.

अशा रीतीने कोनलला हवं होतं ते मिळालं. रस्त्यात लोक टोपीला हात लावून "काय ओ'डार्गन" म्हणू लागले. पहिले काही दिवस तो मुद्दाम पायी हिंडला. पबमध्ये कोणी "ओ'डार्गन, काय घेणार?" असं विचारलं की सगळा पब वळून बघायचा, आणि दोनतीन जण घ्यायचेसुद्धा. गुरांचा डॉक्टर त्याच्या मेंढीसाठी निघाला आणि दुसऱ्याच्या गाईला इंजेक्शन देऊन परत गेला. डर्वलाने सकाळी खिडकीतून "ओ'डार्गन, चहा झालाय" अशी हाक मारली, तर शेजारची भिंत बांधणारा गडी हात धुऊन टेबलाशी येऊन बसला. त्याला चहा द्यावाच लागला, कारण तोही ओ'डार्गनच होता. हे सगळं कोनलने सोसलं. नवीन गोष्ट रुळायला वेळ लागतो, असं तो डर्वलाला सांगायचा. डर्वलाने हाक मारणंच सोडून दिलं आणि काही हवं असलं की ती उठून त्याच्यापर्यंत जाऊ लागली.

ऑक्टोबर संपता संपता थंडी पडली आणि घर उबदार ठेवायचं तेल टाकीत तळाला गेलं. कोनलने शहरातल्या डेपोला फोन केला आणि सांगितलं, ओ'डार्गन, ड्रमकरा. एवढंच सांगून फोन ठेवताना त्याला फार बरं वाटलं. टँकर ठरल्याप्रमाणे आला आणि टेकडीपलीकडच्या टॉम पॅडी टॉमची टाकी काठोकाठ भरून निघून गेला. टॉमने काही तक्रार केली नाही. हल्ली सरकार कशाकशाला मदत देतं, असं तो म्हणाला.

कोनलने पुन्हा फोन लावला. डेपोतली मुलगी ड्रमकऱ्याच्याच बाजूची होती. तिने बघून सांगितलं, की ओ'डार्गनकडे तेल पोचलं आहे. कोनल म्हणाला, ते दुसरे. तिने विचारलं, मग तुम्ही कोण? तो म्हणाला, ओ'डार्गन. तिने शांतपणे पुन्हा विचारलं. त्याने जरा खाकरून सांगितलं, की कुळप्रमुख. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला, आणि त्या नावाचं गिऱ्हाईक आमच्याकडे नाही, असं तिने कळवलं.

स्वयंपाकघरात डर्वला कोट घालून बसली होती. कोटावर तिने विधीच्या दिवशीची केशरी शाल पांघरली होती आणि दोन्ही हात किटलीभोवती धरले होते. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदा फक्त नाक ओढलं.

कोनल भिंतीकडे वळला, फोन तोंडाजवळ धरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पंजा."

"अहो, मग आधीच सांगायचं ना," मुलगी म्हणाली.

टँकर दुपारी आला.